कोरडी छत्री

राजाराम दाबके रोज संध्याकाळी एकच कॅसेट ऐकत आणि रोज चुकीच्याच माणसाला खुनी ठरवत.

"डॉक्टरच," आजही ते ठामपणे म्हणाले.

"अहो, माळी! पावसातून आलो म्हणतो आणि छत्री कोरडी?" त्यांच्या पत्नी मालिनीबाई हसल्या. "तुमच्या ड्रॉइंगवर कारखाना चालला कसा इतकी वर्षं?"

कॅसेटवर एका जुन्या रहस्यमय रेडिओ-मालिकेचा भाग होता. १९८६ साली स्थानिक केंद्राने तो पुन्हा लावला, तेव्हा कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग काढून निवृत्त झालेल्या राजारामांनी टेप केलेला. साबणाची जाहिरात संपली आणि गुप्तहेर पाइकने माळ्यालाच पकडले.

त्यांची मुलगी सुनेत्रा सुट्टीवर आली होती. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती रसायनतज्ज्ञ होती. रोजची ही चूक ऐकून बाबांची स्मृती चालली, असा निष्कर्ष काढून तिने त्यांच्या गाडीची किल्ली सकाळीच खिशात टाकली होती. मात्र अमेरिकेतल्या ईडन प्रेरीच्या बर्फाळ हिवाळ्यात गाडी काढून घेणे म्हणजे माणसाला घरात कोंडणे. तेव्हा आणखी एक चाचणी हवी.

दुसऱ्या दिवशी मालिनीबाई शेजारी शैलाकडे गेल्या. सुनेत्राने कॅसेट लावली.

"बाबा, खुनी कोण? गेस करा."

"गेस कशाला? माळी."

"मग रोज डॉक्टर का म्हणता?"

राजाराम चष्मा पुसत राहिले. "मी बरोबर सांगितलं, तर तिला शोधायला काय उरलं?"

"कम ऑन, आईलाही पाठ असेल एव्हाना!"

राजारामांनी नकारार्थी मान हलवली. सुनेत्राने टेप बंद केली.

"बाबा... इज इट आई?"

"मागच्या आठवड्यात दुकानातून ड्राइव्ह करत निघाली, ती आपल्या जुन्या घरी पोचली. तिथल्या बाईंनी फोन केला." त्यांनी चष्मा चढवला. "पण छत्री रोज तिची तीच शोधते. डोकं शाबूत आहे गं."

संध्याकाळी पुन्हा कॅसेट लागली.

"डॉक्टरच," राजाराम म्हणाले.

"अहो, माळी! छत्री कोरडी नाही का?"

स्मृती मालिनीबाईंची गेली होती, तर्क शिल्लक होता. तो जागेवर आहे ना, हे राजाराम रोज पडताळून पाहत होते. सुनेत्राने खिशातली किल्ली वडिलांपुढे ठेवली आणि दाराजवळच्या खुंटीवरची आईची किल्ली काढून घेतली.