निंबाचं गोड दूध

कडुनिंबाच्या खोडातून पांढरं, फेसाळ दूध ठिबकत होतं आणि ते गोड होतं! बघायला सगळा चौक लोटला होता. खोडाला टेकून बसलेल्या बाबाच्या जिभेला हाड नव्हतं. "जन्माचं कडू झाड गोड झालं. काट्यानं काटा काढतात, तशी ही गोडी तुमच्या रक्तातली गोडी ओढून काढणार. इंजेक्शनं फेकून द्या."

प्रयोगशाळेत रक्त-लघवी तपासणारी धाकटी बहीणही दुधासाठी लागलेल्या रांगेत होती. तिचा विश्वास नव्हता, पण थोरली हट्टाला पेटली होती. थोरली शिवणकाम करायची. वीस वर्षांची शुगर. रोज सकाळी निंबाची चार पानं चावायची. पानं एवढी गुणाची, तर दूध किती असेल! निंबाच्या पाल्यानं खाज कमी होते, काडीनं दात घासतात, हे काही खोटं नाही. पण चार खऱ्या गोष्टींच्या आडून पाचवी खोटी बिनबोभाट घरात शिरते. थोरलीनं इन्सुलिनची इंजेक्शनं बंद केली. धाकटीनं समजावून पाहिलं, मग भांडण नको म्हणून स्वतःच रोज बाटली भरून आणू लागली. तपासायला बोट मागितलं, की थोरली म्हणायची, "दूध चालू असताना टोचायचं नसतं, बाबांनी सांगितलंय."

अठराव्या दिवशी थोरली शिलाई मशीनवरच कलंडली. दवाखान्यात डॉक्टरांनी शर्थ केली, पण ती शुद्धीवर आलीच नाही. धाकटी रडली नाही, तिला रडायचीही लाज वाटत होती.

चार दिवसांनी ती लघवीतली साखर तपासायच्या पट्ट्या घेऊन चौकात गेली. एक पट्टी साध्या पाण्यात बुडवली, रंग बदलला नाही. दुसरी दुधात बुडवली, ती बघता बघता गडद तपकिरी झाली.

"पट्टीला भक्ती काय कळते?" बाबा हसला.

"भक्ती नाही, साखर कळते. इथला पाण्याचा पाइप फुटला होता. मुळांनी बेसुमार पाणी ओढलं, साल फाटून रस बाहेर आला आणि आंबून फेसाळला. झाडाला जखम झालीय, बाबा. देव आलेला नाही."

रांगेतले एक आजोबा म्हणाले, "पण बाई, तुम्हीच तर रोज नेत होता."

"हो. पट्ट्यांचा डबा माझ्याच टेबलावर होता. पट्टी बुडवायला अर्धं मिनिट लागतं, आजोबा. मी ती ताई गेल्यावर बुडवली. तुम्ही आधी बुडवा, मग विश्वास ठेवा. आणि आता घरी जाऊन इंजेक्शन घ्या."