अण्णांचे प्रवासी

फरीदाबादला बिऱ्हाड हलवून वर्षही झालं नव्हतं, तोच अण्णांचं बोलणं गेलं.

ऐन थंडीत, सकाळी दाढी करता करता ते खुर्चीतून एका बाजूला कलंडले. दिल्लीच्या मोठ्या इस्पितळात नेलं, जीव वाचला. पायात हळूहळू बळ आलं, उजवा हात मात्र लुळाच राहिला आणि वाचा गेली. सगळं कळत होतं, माणसं ओळखत होते, पण तोंडातून एकच शब्द निघे: "बरं." भूक लागली की "बरं." चहा नको असला तरी "बरं." रागाने लाल झाले की "बरं, बरं, बरं!" मग आपलीच जीभ आपल्याला फसवतेय हे त्यांना उमगे आणि ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत.

चेतना त्यांची सून. तिचं माहेर पुण्याचं. नवरा चिन्मय एका नव्याने आलेल्या परदेशी कंपनीत लागला होता. त्या वर्षांत अशा कंपन्या दिल्लीच्या आसपास भराभर उभ्या राहत होत्या आणि चिन्मयसारखी कितीतरी मुलं पुण्या-मुंबईची घरं सोडून तिकडे निघाली होती. सासूबाई आधीच गेलेल्या, म्हणून साताऱ्याचं घर बंद करून अण्णाही सोबत आले. नव्या सेक्टरमधलं नवं घर, समोर अर्धवट बांधलेले बंगले, धुळीचा रस्ता. चिन्मय सकाळी निघायचा तो दिवेलागणीनंतरच परतायचा. चेतनाचं हिंदी शाळेत शिकलं तेवढंच. भाजीवाल्याशी बोलतानाही आधी मनात वाक्य जुळवावं लागे. आणि आता हे आजारपण.

इस्पितळातल्या वाचोपचाराच्या, म्हणजे गेलेलं बोलणं परत शिकवण्याच्या विभागात साधना कपूर नावाच्या बाई होत्या. हसऱ्या, धीराच्या. त्या अण्णांपुढे चित्रं धरत आणि म्हणत, "अण्णाजी, ये क्या है? पंखा. बोलिए, पं..." अण्णा पंख्याकडे बघत, बाईंकडे बघत आणि म्हणत, "बरं."

असं बरेचदा झाल्यावर बाईंनी चेतनाला बाजूला घेतलं. "देखिए, मैं साफ बात करती हूँ. इनकी सारी उम्र मराठी में गुज़री है. मैं हिंदी में खींच रही हूँ, वो आ नहीं रहे. इनसे मराठी में काम करवाना पड़ेगा, और मुझे मराठी का एक अक्षर नहीं आता. तरीका मैं सिखा दूँगी. पर कोई अपना आदमी ढूँढिए."

"मैं कर सकती हूँ," चेतना म्हणाली.

"कीजिए. पर बहू के सामने ससुर को शरम आती है. बाहर का कोई हो तो अच्छा."

बाईंचं म्हणणं खरं निघालं. चेतनाने घरी चित्रं काढली, खाली मोठ्या अक्षरांत शब्द लिहिले. अण्णांनी दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी ती समोर बसताच त्यांनी डोळे मिटून घेतले. सुनेने आपल्याला "कप म्हणा, कप" असं शिकवावं हे त्यांना सोसवत नव्हतं, आणि तिलाही ते कळत होतं. त्या दुपारी ती मोरीत नळ सोडून रडली.

शेजारच्या आहुजा आंटींनी तिचे सुजलेले डोळे पाहिले आणि सगळं काढून घेतलं. "अरे बेटा, रोती क्यों है? पहाडगंज में तुम लोगों का स्कूल है! मेरे जेठ की दुकान है उधर. मराठी में पढ़ाते हैं वहाँ. जा, पूछ के तो आ."

दिल्लीत मराठी शाळा! चेतनाला खरं वाटेना. पण आंटी अण्णांजवळ बसायला तयार झाल्या आणि ती दिल्लीला जाणाऱ्या शटल गाडीत बसून एकटीच नवी दिल्ली स्टेशनला उतरली. आयुष्यात पहिल्यांदा ती या शहरात एकटी फिरत होती. हॉटेलांच्या पाट्या, पाठीवर भलंमोठं ओझं घेतलेले गोरे प्रवासी, घाऊक दुकानांसमोर अडलेल्या हातगाड्या. चार जणांनी चार दिशा दाखवल्या. अखेर शाळा सापडली, आणि फाटकातून आत पाऊल टाकते तोच कुणीतरी ठणकावून म्हणालं, "अरे, पाणी सांडलंय तिथं, घसरशील!"

एवढंच वाक्य. पण चेतना तिथेच थबकली. घराबाहेर मराठी ऐकून किती महिने लोटले होते!

आवाज भानुमतीबाईंचा होता, तिथल्या शिक्षिकेचा. पन्नाशी उलटलेल्या, उंच, खणखणीत आवाजाच्या. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत, बिऱ्हाड लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. चेतनाने पहिलीची पुस्तकं मागितली.

"पुस्तकं देईन गं," बाई म्हणाल्या, "पण पुस्तकं पहिलीतल्या मुलासाठी असतात. तुझे सासरे काय पहिलीत आहेत? मला माणूस बघू दे. रविवारी येते."

"तुम्ही? एवढ्या लांब?"

"लांब कसलं? पत्ता सांग."

रविवारी त्या खरोखरच आल्या. दोन बस बदलून, चप्पल धुळीने माखलेली, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. पण तो दिवस वाईट गेला. बाईंनी पहिलंच चित्र पुढे केलं आणि अण्णांनी डाव्या हाताने सगळी चित्रं जमिनीवर उधळून दिली. "बरं! बरं!" ते ओरडले. चेतना शरमेने अर्धमेली झाली.

भानुमतीबाईंनी चित्रं गोळा केली, पिशवीत ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "त्यांचं बरोबर आहे. माझंच चुकलं. चहा टाक."

स्वयंपाकघरात ओट्याला टेकून त्यांनी प्रश्नांची सरबत्ती लावली. अण्णांना काय आवडतं? कोणाशी गप्पा मारायचे? नोकरी कसली होती? चेतनाला अर्ध्या प्रश्नांची उत्तरं येईनात. लग्नाला तीन वर्षं झाली, पण सासऱ्यांबद्दल आपल्याला किती थोडं ठाऊक आहे, हे तिला तिथे उमगलं. शेवटी चिन्मयच दारात येऊन म्हणाला, "बाई, अण्णा एसटीत होते. सातारा स्टँडवर कंट्रोलर. माइकवरून गाड्या पुकारायचे. आमच्या शाळेपर्यंत आवाज यायचा. मुलं मला चिडवायची, बघ, तुझे वडील बोलावतायत, फलटणला जा म्हणून."

बाईंनी कप खाली ठेवला. "हे आधी का नाही सांगितलंस रे बाबा?"

आठवडाभर त्या काय करत होत्या ते चेतनाला नंतर कळलं. त्या साधना कपूरना जाऊन भेटल्या होत्या. बोलणं गेलेल्या माणसालाही रोजच्या पठणातलं, घोकलेलं, लयीत बसलेलं काही कधी कधी सलग म्हणता येतं, हे त्यांच्याकडून समजून घेतलं होतं. आणि लक्ष्मीबाई नगरात दारोदार फिरून साताऱ्याकडचं कोणी भेटतं का ते धुंडाळलं होतं.

पुढच्या रविवारी त्या आल्या त्या पिशवी न घेता. अण्णांसमोर खुर्ची ओढून बसल्या आणि प्रवासाला निघालेल्या बाईसारख्या गडबडीने म्हणाल्या, "अहो कंट्रोलरसाहेब, मला महाबळेश्वरला जायचंय. साताऱ्याहून कराडवरून जाते ना गाडी?"

अण्णांनी मान वर केली.

"कराडवरून," बाई ठासून म्हणाल्या. "कराड, मग उंब्रज, मग महाबळेश्वर. असंच ना?"

अण्णांच्या कपाळावर आठी पडली. ओठ हलले. ज्या माणसाने तीस वर्षं गाड्या सोडल्या, त्याला हे ऐकवेना. चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा ताणल्या, आणि छातीतून खरखरीत, पण माइकवरच्या जुन्या लयीतच आवाज आला:

"मेढा... केळघर... महाबळेश्वर!"

अण्णा स्वतःच दचकले होते. त्यांनी डावा हात ओठांवर नेला, जणू शब्द तिथून निघाले की दुसरीकडून हे चाचपत होते. चिन्मय येऊन त्यांच्या खुर्चीपाशी बसला.

भानुमतीबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज तसाच खणखणीत. "अस्सं होय! आणि फलटणला?"

"वाठार... आदर्की... फलटण!" अण्णा म्हणाले आणि हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा हसले.

त्यानंतर दर रविवारी त्या घराचं एसटी स्टँड झालं. बाई प्रत्येक वेळी नवा प्रवासी घेऊन येत. कधी केंद्रीय मंत्रालयात काम करणारे कराडचे उल्हास, कधी कोरेगावच्या वासंतीताई, कधी नुकतीच बदली होऊन आलेलं, अजून सामानही न सोडलेलं एखादं जोडपं. सगळे अण्णांपुढे उभे राहून विचारत, "वडूजला कसं जायचं?" कोणी मुद्दाम चुकीचं सांगे, कोणाला खरंच ठाऊक नसे. जेवणं होत, हसणं होई, आहुजा आंटी गरम पराठे घेऊन येत आणि म्हणत, "अण्णाजी, मुझे भी भेजो कहीं!" परक्या शहरात आलेल्या चेतनाच्या घराला बघता बघता गोतावळा मिळाला.

साधना कपूर एका रविवारी स्वतः आल्या, सगळा प्रकार पाहिला आणि बाईंचे हात हातात घेतले. मग दोघींनी मिळून पुढची वाट आखली. कपूरबाई हिंदीत सांगत, भानुमतीबाई मराठीत करवून घेत. गावांच्या माळेतून एकेक शब्द सुटा करायचा. 'फलाट' शब्द आला की त्यावरून 'पाणी', 'पाणी'वरून 'चहा'. काम फार सावकाश होई. कधी आठवडा आठवडा काही सुधारणा दिसत नसे, कधी आलेला शब्द पुन्हा हरवे. अण्णा चिडत, रडत. बाई कधी चिडल्या नाहीत.

एकदा चेतनाने विचारलं, "बाई, तुम्ही आमच्यासाठी एवढं का करता?"

"अगं, का म्हणजे? मला घरी चैन पडत नाही," त्या म्हणाल्या आणि पदर खोचून भांडी घासायला लागल्या. नंतर वासंतीताईंकडून कळलं की करोलबागेतल्या एका म्हातारीला दृष्टीचा त्रास होता म्हणून बाई शनिवारी तिच्याकडे जायच्या. चेतनाला त्यांच्याकडे पाहून वाटायचं, आपण शहरात मदत कुठे मिळते ते विचारत फिरलो, आणि ही बाई कोणाला मदत हवी ते विचारत फिरते.

अण्णांचं बोलणं पूर्ण कधीच आलं नाही. वाक्यं तुटकी राहिली, मोठी गोष्ट सांगायची झाली की हात हवेत फिरे. पण हवं-नको सांगता येऊ लागलं, चेतनाला नावाने हाक मारता येऊ लागली. भिंतीकडे तोंड करून पडणं संपलं.

पावसाळा सरताना एका रविवारी बाई आल्या नाहीत. फोनवर कळलं, ताप आहे, यजमान दौऱ्यावर गेलेत. चेतनाने अण्णांना सांगितलं. ते काठी शोधू लागले.

"अण्णा, कुठे?"

"जाऊ," ते म्हणाले.

चिन्मयने टॅक्सी आणली. लक्ष्मीबाई नगरातल्या क्वार्टरचा जिना अण्णा एकेका पायरीवर थांबत, कठडा धरून चढले, मधे कोणाचा हात घेतला नाही. खोलीत भानुमतीबाई घोंगडी पांघरून पडल्या होत्या. अण्णांना बघून त्या उठायला लागल्या. अण्णांनी हातानेच त्यांना पडून राहायला सांगितलं आणि पलंगाजवळच्या खुर्चीत बसले. मग बराच वेळ ओठ जुळवून त्यांनी विचारलं,

"औषध... घेतलं?"

एवढ्या महिन्यांत अण्णांनी दुसऱ्या कोणाची विचारपूस केली नव्हती. कशी करणार? स्वतःसाठीचेच शब्द पुरत नव्हते. भानुमतीबाईंनी उशाजवळची गोळ्यांची पट्टी उचलली.

"घेते हो, अण्णा," त्या म्हणाल्या.

चेतना स्वयंपाकघरात गेली. डब्यांतून तांदूळ आणि मूगडाळ शोधून काढली, आणि मऊ खिचडी शिजायला ठेवली.