कसोटीचा जिल्हा

बाबांना जाऊन सोळा दिवस झाले होते. भेटायला येणाऱ्यांची रीघ आता ओसरली होती. बाबांच्या हाताखाली काम केलेले हवालदारकाका आले तेव्हा आई आतल्या खोलीत आडवी झाली होती. लेकीने लॅपटॉप मिटला नाही, नुसता बाजूला सरकवला. काम गळ्याशी आलं होतं.

ती ज्या संस्थेत होती, ती दरवर्षी जगातल्या देशांची शांततेनुसार क्रमवारी लावायची. कुठे किती खून, किती दंगली, किती शस्त्रं. आपल्या देशाचे आकडे तपासून सही करायची हे तिचं काम. सरकारी कागदावर डोळे मिटून विश्वास ठेवण्याइतकी ती भोळी नव्हती. म्हणून तिने एक जिल्हा कसोटीला धरला होता. तिथली नोंद चोख मानायची आणि बाकीच्यांची त्याच्याशी ताडून पाहायची. तो जिल्हा बाबांचा. गेल्या वर्षी निवृत्त होईपर्यंत तिथली गुन्ह्यांची नोंदवही त्यांच्याच हातात होती. विश्वासार्हतेच्या रकान्यात तिने त्या जिल्ह्याला सलग नऊ वर्षं पाचपैकी पाच दिले होते.

"यंदा कितवा नंबर गं आपला?" काकांनी विचारलं.

"माझी सही झाली की बाविसावा. गेल्या वर्षी सव्विसावा होता."

"वा! यात तुझ्या बाबांचा मोठा हात. वर्षाला सातावर खून कधी जाऊ दिला नाही त्यांनी."

ती बऱ्याच दिवसांनी हसली. "जाऊ दिला नाही म्हणजे? खून काय त्यांना विचारून व्हायचे?"

"व्हायचे न विचारता, पण लिहिणारे तेच ना!" काका रंगात आले. "सात भरले की आठवा अपघात. बुडून, पडून, भाजून. नाहीतर वरून चौकशी, बदल्या, आमची पोरंबाळं उघड्यावर. देवमाणूस होता बघ."

तिने चहाचा कप खाली ठेवला.

"एखादं आठवतं?"

"एक का? तुमच्या मागच्या गल्लीतल्या शिंप्याची बायको. ती जिन्यावरून पडलेली."

शिंपीणकाकू. शाळेचा फ्रॉक शिवताना खाली चार बोटं कापड जास्त दुमडायच्या, म्हणायच्या, पुढच्या वर्षी उसवून देईन. पुढच्या वर्षी त्या नव्हत्या. अकरा वर्षांची ती बाबांना विचारायला गेली होती, तेव्हा बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. "पाय घसरला गं, बाळ."

आणि नंतर, दरवर्षी, फोनवर: "बाबा, नीट मोजलंत ना?"

"एकेक मोजलाय."

तेही खरंच. मोजल्याशिवाय सातावर थांबता कसं आलं असतं?

काका गेले. वळून पाहते तो आई दारात उभी.

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू त्यांना डोक्यावर घेऊन नाचायचीस." आईने काकांचा रिकामा कप उचलला आणि कोरडाच असलेला तो पदराने पुसला. "कोणत्या तोंडाने सांगायचं?"

तिने साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"हे बघ, अधिकृत आकडा बदललाय का? नाही ना? मग आपण तरी काय करणार? मेलेला माणूस काही तक्रार घेऊन येत नाही. आपण आलेले कागद मोजतो, माणसं नाही. तू दुःखात आहेस, दोन दिवस सुट्टी घे. सही मी करतो."

"नको," ती म्हणाली. "सही माझीच राहू दे."

तिने विश्वासार्हतेचा रकाना उघडला आणि नऊच्या नऊ वर्षांच्या पाचाचा एक केला. कसोटीच हलली तेव्हा तिच्याशी ताडलेला एकेक जिल्हा घसरत गेला. देशाचा नंबर बाविसावरून एकोणचाळीसवर गेला. आता शेजारच्या देशांतले लोक हसणार, आपले मंत्री चिडणार, साहेब तिला बोलावून घेणार. शिंपीणकाकू मात्र कुठल्याच आकड्यात आल्या नव्हत्या. त्यांच्यासाठी रकानाच नव्हता.

'बदलाचं कारण' ही जागा रिकामी सोडता येत नव्हती. तिने 'नोंदणीतील त्रुटी' असं लिहिलं आणि खोडलं. मग लिहिलं: 'नोंद ठेवणारे माझे वडील होते. मी कधी तपासलं नाही.'

खाली पूर्ण नावाने सही करायची होती. तिने केली. आधी तिचं नाव आणि लगेच त्याच्या मागे, नेहमीसारखं, बाबांचं.