सहा गुणसूत्रांचं भेकर

शहाण्या माणसानं साहेबापुढे उदाहरणं देऊ नयेत. हरीणबाई तिथंच चुकल्या. भेकर नावाच्या छोट्या हरणाच्या अभ्यासात संस्थेत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि त्या दिवशी संचालकांसमोर त्या जरा जास्तच रंगल्या.

"दोन जातींची भेकरं, दिसायला सख्खी," त्या म्हणाल्या. "एकीच्या मादीच्या पेशीत गुणसूत्रं सहा, आणि तिच्याच भावकीतल्या दुसरीत सेहेचाळीस. मग चाळीस गेली कुठं? कुठंही नाहीत. लाखो वर्षांत टोकाला टोक जोडून लांबलचक झाली. आकडा उतरला, माल जवळपास तेवढाच."

"म्हणजे जोडलं तरी बिघडत नाही?"

"काडीचं नाही."

दुसऱ्याच दिवशी फतवा निघाला. हरणांची आणि उंदरांची प्रयोगशाळा सोमवारपासून एक होणार. आता आली का पंचाईत!

कारण उंदीरवाले म्हणजे बाईंचे यजमान. गुणसूत्रं जोडली जातात ती निव्वळ योगायोगानं, असं बाईंचं मत. त्यात जनावराचा काहीतरी फायदा असणारच, असं यांचं. एवढ्या एका मुद्द्यावर दोघांचा छत्तीसचा आकडा. संसार सुखाचा चालला होता तो दोन प्रयोगशाळांच्या मधल्या दोन मजल्यांच्या कृपेनं. दिवसभर एका खोलीत बसलो तर घर मोडेल, या भीतीनं बाईंना जेवण जाईना.

शेवटी त्या नवऱ्याला घेऊन संचालकांकडे गेल्या. "सर, प्रयोगशाळा जोडलीत तर आमचं घर तुटेल."

"काडीचं बिघडत नाही, असं तुम्हीच म्हणालात."

"भेकराला लाखो वर्षं मिळाली हो. आम्हाला सोमवारपासून बसायचंय."

संचालक ढिम्म हलेनात. तेव्हा यजमान हळूच म्हणाले, "सर, माझी प्रयोगशाळा बंदच करा. उंदीर सोडतो मी. संध्याकाळी ही हसत घरी आली म्हणजे झालं."

बाई नवऱ्याकडे वळल्या. या उंदरांपायी माणसानं केस पांढरे केले होते, आणि ते सगळं असं सहज सोडायला निघाला होता.

"काही बंद करायची नाही," त्या खेकसल्या. "सर, खिडकीजवळचं टेबल यांना द्या. आणि अहो, तुम्ही चला. जाता जाता सांगा तुमचा तो फायदा. मधे बोलणार नाही मी."

पहिला जिना उतरेपर्यंत बाईंनी शब्द पाळला.