रंगाखालची चीर

मित्रांनो, पौडच्या बाजारात नसीर मणियाराच्या दुकानी कधी आलात, तर भिंतीवर एक वाकडा लाल नळ दिसेल. त्याला हिरव्या, पिवळ्या बांगड्यांच्या माळा लटकलेल्या असतात. तो नळ म्हणजे मी. मी एक जुना गार्ड आहे, मोटरसायकलचा. गाडी पडली तर आधी मी जमिनीला टेकायचं आणि इंजिनाला धक्का लागू द्यायचा नाही, एवढं एकच काम माझ्याकडे होतं. ते माझ्या हातून कसं बिघडलं, ते आज तुम्हाला सांगतो.

मूळचा मी पाण्याच्या नळाचा तुकडा. नसीरनं लिलावातली एक जुनी मोटरसायकल घेतली, ते साल अठ्ठ्याहत्तर. त्याआधी तो बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन मुळशीच्या वाड्यावस्त्या पायी फिरायचा. त्याच्या दुकानाला लागूनच इलाही वेल्डरचं दुकान होतं. इलाहीनं माझ्या पोटात वाळू भरली, मला भट्टीत लालबुंद केलं आणि हळूहळू वाकवलं. इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी कोपरं बाहेर काढून मी बसलो, तेव्हा इलाही नसीरला म्हणाला, "नसीरभाई, गाडी पडली आन् ह्यो वाकला, तर माज्याकडं आना. घरी ठोकून सरळ करू नगा. थंडा लोखंड ठोकला की आतनं चिरतोय. वरनं कळत न्हाई."

हे बोलणं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. म्हणून तर माझा अपराध मोठा.

पहिलं वर्ष मोठ्या मानाचं गेलं. चिखलात गाडी दोनदा आडवी झाली. दोन्ही वेळा मी जमिनीला टेकलो आणि इंजिनाला ओरखडासुद्धा आला नाही. नसीर जो भेटेल त्याला सांगायचा, "पडली तर पडू दे, गार्ड हाय!" रोज सकाळी तो फडक्यानं आधी मला पुसायचा, मग टाकी. खरं सांगतो, मी शेफारलो. इंजिन दिवसभर तापून राबायचं, गाडी तेच ओढायचं आणि कौतुक मात्र माझं व्हायचं. मला त्यात काही गैर वाटत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी वैशाखात उरवड्याच्या भिवाजीतात्यांच्या लेकीचं, सगुणाचं लग्न ठरलं. सगुणा पाळण्यात होती तेव्हापासून तिच्या हातात बांगड्या नसीरनंच भरलेल्या. ती त्याला मामा म्हणायची. लग्नाचा हिरवा चुडाही त्यानंच भरायचा, हे न बोलता ठरलेलं होतं. हळद चार दिवसांवर आली आणि भिवाजी दुकानी आले. लांबच्या पाहुण्यांना आवतण द्यायचं राहिलं होतं. "नसीरभाई, दोन दिस गाडी दे," एवढंच ते म्हणाले. नसीरनं किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली.

आवतणं देऊन परतताना भिवाजींनी बाजारातून गुळाची ढेप घेतली आणि सुतळीनं माझ्या डाव्या कोपराला बांधली. मी पडणं झेलायला जन्मलेलो, ओझं वाहायला नाही. सगळा भार एका अंगाला येत होता. पण आपल्याला काय होतंय, अशा गुर्मीत मी होतो. कोरड्या ओढ्यातून जाताना गोट्यांवरून पुढचं चाक सरकलं, ढेपेनं ओढ घेतली आणि गाडी डावीकडे आडवी झाली. मी ढेपेसकट आत वाकलो आणि माझं कोपर इंजिनाच्या झाकणावर बसलं. झाकणाला बोटभर चीर गेली. ज्याला वाचवायचं, त्यालाच मी मारलं होतं.

भिवाजींना खरचटलंसुद्धा नाही. ते खाली बसून चिरेकडे बघत राहिले. इलाहीकडे जावं, तर शेजारी नसीरचं दुकान. लेकीची हळद तोंडावर आलेली, आणि उसनी आणलेली वस्तू मोडून परत कोणत्या तोंडानं द्यायची? घरी आल्यावर त्यांनी कपड्याचा साबण ओला करून चिरेत दाबून बसवला. पंपाची, टाकीची गळती गावात तशीच थांबवतात. मग मला दगडावर ठेवून मोगरीनं ठोकून सरळ केलं. ओरखडे दिसू नयेत म्हणून बैलांच्या शिंगांना लावायचा लाल रंग माझ्यावर मारला. रंग मारता मारता ते बायकोला म्हणाले, "अक्षता पडू दे. मग सांगतो त्याला. आत्ता तोंड न्हाई माजं."

ठोकताना डाव्या बाजूला मी आतून चिरलो होतो. मला ते कळलं होतं. वरून मात्र मी नवरदेवासारखा नटलो.

गाडी परत आली तेव्हा नसीर खूश झाला. "बघ इलाही, लोक वस्तू न्हेत्यात आन् मोडून देत्यात. तात्यांनी नटवून दिली!" इलाहीनं लांबूनच मान डोलावली, त्याच्या हातात काम होतं. भिवाजींनी दोनदा तोंड उघडलं. मग कपातला चहा तसाच ठेवून ते उठले. दोन दिवस नसीर रोजच्यासारखा मला पुसत होता. माझा लाल रंग बघून त्याचा हात तिथंच थांबायचा, मागे जायचाच नाही. मागे साबणाच्या कडेनं थेंब थेंब तेल झिरपत होतं आणि दुकानापुढची माती ते पिऊन टाकत होती. मी इंजिनाचं रक्षण करायला बसवलेला, आणि राखण करत होतो ती लपवाछपवीची. त्या दोन दिवसांची लाज मला अजून वाटते.

हळदीच्या दिवशी दुपारी नसीर निघाला. मागे पेटी बांधलेली. सगुणाचा चुडा मात्र त्यानं पेटीत ठेवला नाही. मऊ कापडात गुंडाळून सदऱ्याच्या आत, छातीशी बांधला. ऊन भाजून काढत होतं. इंजिन तापलं तसा साबण वितळून वाहून गेला आणि माझ्या पाठीमागून तेलाची धार लागली. नसीरला मी दिसत होतो, धार दिसत नव्हती. इंजिनाचा आवाज कोरडा होत गेला. उरवड्याच्या अलीकडच्या उतारावर ते एकदम जाम झालं. मागचं चाक जागच्या जागी अडकलं आणि गाडी फरफटत आडवी झाली.

मी टेकलो. पण ठोकून सरळ केलेल्या जागी मी काडीसारखा मोडलो आणि नसीरचं डावं पाऊल गाडीखाली सापडलं. पडताना माणूस हात पुढे टाकतो. नसीरनं हात पुढे टाकले नाहीत. हँडल सोडून दोन्ही हातांनी त्यानं छातीशी बांधलेला चुडा कवटाळला. माझं काम त्या माणसानं केलं, मित्रांनो. पेटीतल्या बांगड्या मात्र सगळ्या वाढल्या. मणियार बांगडी फुटली असं कधी म्हणत नाही, वाढली म्हणतो. पाऊल गाडीखाली असतानाही नसीर तेच म्हणाला, "वाढल्या."

मागून एक वऱ्हाडाची बैलगाडी आली. लोकांनी मोटरसायकल उचलून नसीरला बाहेर काढलं आणि बैलगाडीत बसवलं. मी निखळून पडलो होतो, मलाही कोणीतरी त्याच्या शेजारी टाकलं. मांडवात पोचल्यावर मला मेढीला टेकवून ठेवलं. नसीरचं पाऊल सुजून काळंनिळं झालं होतं. "आदी डाक्टर," असं चारजण म्हणाले. त्यानं ऐकलं नाही. पाय लांब करून तो पाटावर बसला आणि सगुणाचा हात हातात घेतला.

"मामा, लई लागलंय तुमाला," सगुणा म्हणाली.

"तुजा चुडा शाबूत हाय, पोरी. एकबी वाढली न्हाई."

भिवाजी लगबगीनं आले. "कसं झालं, नसीरभाई?"

"इंजान जाम झालं, तात्या. तेल बगायचं राह्यलं. माजीच चूक."

भिवाजींनी माझ्याकडे पाहिलं. मोडलेल्या जागी लाल रंगाचा पापुद्रा निघाला होता आणि आतली आधीची चीर उघडी पडली होती. ते सगळ्या मांडवासमोर म्हणाले, "तुजी न्हाई, माजी. ओढ्यात मी पाडली गाडी. साबण लावला आन् वरनं रंग मारला. लगीन झालं की सांगनार हुतो."

 नसीरचा हात थांबला. सगुणाच्या मनगटावर बांगडी अर्ध्यावर अडकली होती. तो म्हणाला, "तात्या, वाईच थांबा. चुडा भरताना मला राग नगं. माजा हात कापला, तर पोरीचा हात कापंल." उरलेला चुडा त्यानं मान वर न करता भरला. मगच तो डॉक्टरकडे गेला.

इंजिन पुन्हा सुरू झालं नाही. नसीरचं पाऊल वाकडंच बसलं. दोन महिने तो भिवाजींशी बोलला नाही. तरी दर बाजाराच्या दिवशी भिवाजी बैलगाडी घेऊन दुकानापुढे उभे राहायचे, वाट बघायचे आणि परत जायचे. श्रावणात बांगड्यांची मागणी आली तसा एके दिवशी नसीर पेटी घेऊन लंगडत बाहेर आला आणि गाडीत बसला. पुढे कितीतरी वर्षं वाड्यावस्त्यांवर बांगड्या गेल्या, त्या भिवाजींच्या बैलगाडीतून.

भिवाजी बोलून मोकळे झाले. मला तोंड नव्हतं. माझं तेवढं राहिलं होतं, ते आज तुमच्यापाशी बोललो. मित्रांनो, तुमची वस्तू पडली तर ती वरवर पुसू नका, खाली वाकून मागची बाजू बघा. आणि दुसऱ्याची वस्तू तुमच्या हातून पडली, तर रंगाचा डबा शोधायच्या आधी त्याच्या दारात जा.

इलाहीनं माझी मोडलेली जागा तेवढी भट्टीत तापवून जोडली आणि भिंतीवर बसवायला नसीरकडे दिलं. "जोडावर रंग मारू का?" त्यानं विचारलं होतं.

नसीर म्हणाला, "नगं. तेवढी जागा उघडी राहू दे."

अजूनही रोज सकाळी तो मला पुसतो. आता तो तिथूनच सुरुवात करतो.