टोपीखालची शिट्टी

मी बाबांच्या कानामागचं यंत्र बोलतोय. दिसायला शेंगदाण्याएवढा. कानामागून आलो खरा, पण तिखट काही झालो नाही. उलट त्या दिवशी बोटीवर असा प्रताप केला, की आजही डबीत पडल्या पडल्या अंग चोरून घेतो.

बाबांचं सगळं आयुष्य लाकडं चिरण्याच्या कारखान्यात गेलं. करवतीच्या किंचाळण्यानं एक कान पार गेला, दुसरा जायच्या वाटेवर होता. त्याच्या मदतीला मला आणलं. मला बसवून देणाऱ्या बाईंनी बाबांच्या मुलाला नीट बजावलं होतं, "यावर काही दाबून बसलं की हे शिट्टी मारतं बरं का. उशी, टोपी, काहीही. जरा सैल केलं की गप्प होतं." मुलगा "हो, हो" म्हणाला. त्याचं लक्ष हातातल्या फोनमध्ये होतं. मी तेव्हा अजून कानात बसायचा होतो, त्यामुळे बाबांना कळायचा प्रश्नच नव्हता. आणि माझी शिट्टी त्यांना स्वतःला कधीच ऐकू येत नाही. इतके बारीक आवाज त्यांचे केव्हाच गेलेत.

सुट्टीत बोटीनं हिमनदी बघायला जायची टूम मुलानं काढली. सूनबाईला काळजी. "बाबा, तुम्हाला सोसेल का गारठा?"

"न सोसायला काय झालं?" बाबा म्हणाले. "करवतीनं माझे कान फुकटात नेले. आता एक तरी आवाज तिकीट काढून ऐकतो. बर्फाचा कडा तुटतो तेव्हा आभाळ कोसळल्यासारखं वाजतं म्हणे."

आठवडाभर तोच जप चालला होता. बाकीच्यांना हिमनदी बघायची होती, बाबांना ऐकायची होती. माझी छाती फुगली होती हो!

बोट सुटली तसा वारा झोंबायला लागला. "बाबा, कान झाका, बाधेल," म्हणत मुलानं आपल्या हातांनी त्यांची लोकरीची टोपी थेट मानेपर्यंत ओढली. माया होती त्यात, नाही म्हणणार नाही. मी मात्र चेपलो. इंजिनाच्या धडधडीत माझं रडगाणं कुणाला ऐकू गेलं नाही.

हिमनदीसमोर आल्यावर कप्तानानं इंजिन बंद केलं. "आता कुणी बोलायचं नाही. आता ती बोलेल."

सगळी बोट चिडीचूप झाली. समोर निळसर भिंत, पाण्यात बर्फाचे तुकडे एकमेकांना घासत होते. बाबांनी कठडा धरला, डोळे मिटले आणि आपला बरा कान पुढे केला. आणि त्या शांततेत मी वाजलो. कीईईई!

माना वळल्या. "कुणाचा फोन आहे तो? बंद करा की!" एक बाई फिसकारली. गप्प बसावं म्हणून मी किती धडपडलो, पण दबलेल्यानं करावं तरी काय? बाबा तसेच हसऱ्या चेहऱ्यानं उभे, त्यांना पत्ताच नाही. मुलगा लालबुंद झाला. त्यानं त्यांचा दंड धरला आणि दातओठ खात म्हणाला, "बाबा, ते काढा आधी! सगळे बघतायत. नुसती शोभा!"

हे वाक्य त्यांच्या कानात मीच घातलं. तेवढं मात्र अगदी स्वच्छ पोहोचवलं.

बाबा ओशाळले. "चुकलं हं, चुकलं," म्हणत त्यांनी टोपीत हात घालून मला काढलं, बॅटरीचं झाकण उघडलं आणि खिशात टाकलं. झाकण उघडलं की मी संपलो. त्यामुळे पुढचं ऐकीव सांगतोय, सूनबाईच्या तोंडून नंतर कळलेलं.

कडा लगेचच तुटला. लोकांनी आरडाओरडा केला. मुलगा हरखून वळला, "बाबा, ऐकलंत?" बाबा लोकांची उघडी तोंडं बघत होते. त्यानं पुन्हा विचारलं, आणि मग त्याला टोपी सरकून उघडा पडलेला तो मोकळा कान दिसला. परत येईपर्यंत तो बोटीच्या टोकाला एकटाच उभा राहिला. बोलावलं तरी आत आला नाही.

मुक्कामाच्या खोलीत त्यानं बाबांना मला लावायला सांगितलं आणि फोन माझ्याजवळ धरला. "यात आलाय बघा आवाज." कागद चुरगळल्यासारखी खरखर होती. मी जीव तोडून ती मोठी केली, तर खरखरच मोठी झाली.

"बापरे! मोठाच की रे!" बाबा म्हणाले.

ते ना मुलाला खरं वाटलं, ना मला. आम्ही तिघंही शरमून बसलो. तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी वाजला, तर आधी टोपी वर करून बघा हो, मग काय रागवायचं ते रागवा.

"दाबलं की हे वाजतं, असं हे बसवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं मला," मुलगा म्हणाला. "टोपी जरा वर केली असती, तर…" त्यानं एकदम बाबांच्या गळ्यात हात टाकले आणि गाल त्यांच्या कानाला टेकवला. मी पुन्हा चेपलो. कीईईई!

तो दचकून मागे सरला. शिट्टी बाबांना ऐकू आली नाही, पण तो का सरला ते त्यांना बरोबर कळलं.

"वाजतंय का रे ते?"

"हो."

"वाजू दे," बाबा म्हणाले. "इथं कोण बघतंय?"