व्होंड्राक नम्र होतो

व्हिएन्नात वेटरनं गिऱ्हाइकाशी गोड बोलणं म्हणजे न्हाव्यानं कान कापण्यासारखं. कधीमधी होतं, पण धंद्याला काळिमाच. कॅफे रुझिच्कातला व्होंड्राक तर या बाबतीत अगदी सोवळा. काळा कोट, पडलेला चेहरा आणि चाकूला धार लावावी अशी जीभ. बावीस वर्षं तो खिडकीजवळच्या टेबलावर एगॉन त्सेलिन्काची कॉफी आदळत होता आणि बावीस वर्षं विचारत होता, "काय हो, अजून जिवंत?"

एगॉन म्हणजे ट्रॅमचा निवृत्त तिकीट तपासनीस. चौतीस वर्षं माणसाकडे चोर समजूनच पाहिलेलं, त्यामुळे जग त्याला बरोबर कळलं होतं. एका कॉफीवर चार तास, लाकडी दांडीत अडकवलेलं वर्तमानपत्र, खिडकीबाहेरून जाणारे मूर्ख आणि आतून व्होंड्राकच्या शिव्या. म्हातारपण सुखात चाललं होतं.

मग ट्रिक्सी उगवली. राजवाडे पाहून कंटाळलेल्या रिकामटेकड्यांना ही बाई 'आडवाटेचं व्हिएन्ना' दाखवायची. सूप वाढायचा डाव झेंड्यासारखा उंच धरून पुढे ती, मागे तीसएक जणांचा कळप. आधी शंभर वर्षं जुनी मुतारी, मग लाकडी पायांचं दुकान, मग जिथे ट्रॅम कधीच थांबली नाही असा ट्रॅमचा थांबा, आणि शेवटी 'शहरातला सर्वांत उद्धट वेटर'. मुतारीसमोर उभं राहून हसत फोटो काढणारी जमात ती, व्होंड्राकला कशाला सोडतेय!

"कॉफी? नुसती कॉफी?" व्होंड्राक भुवई चढवायचा. "औषधाच्या दुकानात जाऊन नुसतं औषध मागता का?"

की कळपाच्या टाळ्या. स्वीडनचा एक न्यायाधीश आनंदानं रडला. उट्रेक्टच्या एका जोडप्यानं लग्नाच्या वाढदिवसाला खास अपमान करून घेतला, आणि बायकोच्या वाट्याला कमी आला म्हणून त्यांचं तिथेच भांडण जुंपलं.

एका गुरुवारी एगॉन येतो तर त्याच्या टेबलावर 'राखीव' अशी पाटी.

"हे काय?"

"वाचता येत नाही? मग तिकिटं कशी तपासलीत? मंडळी येताहेत. तुम्ही तिकडे संडासाच्या दाराशी बसा."

एगॉन बसला. त्याच्या खुर्चीत अर्ध्या चड्डीतला कुणी सोम्यागोम्या पाय पसरून बसला होता. ही खुर्ची गेली तर दिवसाचं करायचं काय? घरी नुसती भिंत होती, आणि भिंतीला तुच्छ लेखण्यात काय मजा?

कळप गेल्यावर त्यानं व्होंड्राकला गाठलं.

"तुम्ही सर्कशीतलं अस्वल झालात हो. टाळ्या पडतात तुम्हाला. उद्या केळी फेकतील."

व्होंड्राकच्या हातातलं तबक जागीच थांबलं. "मग काय करू म्हणता?"

"त्यांना हवं ते देऊ नका. गोड बोला. याहून मोठा तिरस्कार कोणता?"

पुढच्या गुरुवारी व्होंड्राक दारातच हसत उभा. "या, या! दमलात का? ताई, वारं लागत नाही ना? खिडकी लावून घेऊ?" कळप गारठला. एक पोरगी आईला बिलगली. मागून कुणीतरी पुटपुटलं, "असलं तर आमच्या घराशेजारीही मिळतं." तीन आठवड्यांत ट्रिक्सीनं डाव दुसऱ्या गल्लीकडे वळवला आणि पाटी गेली.

एगॉन खुर्चीत राजासारखा बसला. व्होंड्राक आला, कमरेत वाकला.

"नमस्कार, त्सेलिन्कासाहेब. झोप लागली ना शांत? पाठीला उशी देऊ?"

"पुरे हो आता. गेले ते."

"कोण गेले, साहेब?" आणि वाफाळती कॉफी अलगद, जराही न सांडता, टेबलावर आली.

तेव्हा एगॉनच्या डोक्यात प्रकाश पडला. या लबाडाला टाळ्या आवडल्या होत्या! त्या आपण बंद पाडल्या, आणि तिरस्कार कसा करायचा हेही आपणच शिकवलं.

पण खरा घोळ पुढेच होता. रोजच्या गिऱ्हाइकाशी नम्र झालेला व्होंड्राक कॅफेतल्या जुन्या मंडळींनी याआधी एकदाच पाहिला होता, एका म्हाताऱ्या घड्याळजीशी, आणि तो घड्याळजी त्याच आठवड्यात वारला. त्या मंडळींतल्या हालासेकबाई टेबलापाशी आल्या, एगॉनचा हात हातात घेतला.

"दफनभूमी कोणती ठरवलीत? ती मोठी नको बाई, फार चालावं लागतं. बँड मात्र झकास घ्या. लोक बँडच लक्षात ठेवतात."

"मला काही झालेलं नाही!"

"सगळे असंच म्हणतात हो," त्या मायेनं म्हणाल्या आणि दफनानंतरचं पोटभर जेवण कुठे ठेवणार तेही विचारून गेल्या.

चौथ्या दिवशी एकानं त्याचा हिवाळी कोट मागून ठेवला. पाचव्या दिवशी एगॉनला स्वतःलाच छातीत काहीतरी वाटायला लागलं. त्यानं व्होंड्राकची बाही धरली.

"बोलवा त्या ट्रिक्सीला परत."

"आणि टेबल, साहेब?"

एगॉननं खिडकीबाहेर पाहिलं. "घ्या टेबल."

व्होंड्राकच्या तोंडावरचं हसू गिलाव्यासारखं गळून पडलं. "मग उठा की! बापाची खुर्ची आहे का? भंगारात काढलेली ट्रॅम कुठली!"

अख्खं कॅफे चपापलं. कोट मागून ठेवणाऱ्याचं तोंड आंबट झालं. हालासेकबाई तर सरळ रागावून म्हणाल्या, "म्हणजे मरत नाही आहात? मग आमचा वेळ कशाला घेतलात?"

एगॉन उठला, अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसला आणि वर्तमानपत्र पार डोळ्यांपर्यंत ओढलं. आत तो हसत होता. शिव्या खाऊन सुखावणारा असा व्हिएन्नाकर ट्रिक्सीच्या नजरेला पडता, तर तिनं त्यालाही यादीत घातलं असतं.